दुष्करतेचे स्तोम आणि खेळणाऱ्याची तक्रार

मराठी समीक्षेत दुर्बोधतेचा वाद जुना आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि पुढे कित्येक वर्षे, नवकाव्य दुर्बोध आहे की वाचकच आळशी आहे, या प्रश्नावर बरीच शाई खर्ची पडली. त्या वादात अभिनिवेश पुष्कळ होता. तथापि त्यातून एक विवेक निष्पन्न झाला. अनुभवाच्या व्यामिश्रतेमुळे अपरिहार्यपणे आलेली दुर्बोधता आणि अभिव्यक्तीच्या ढिसाळपणातून आलेली दुर्बोधता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे समर्थन करता येते, दुसरीचे येत नाही. आणि समोरची दुर्बोधता यांपैकी कोणती, याचा निर्णय कवीच्या हेतूकडे पाहून नव्हे, तर कवितेकडे पाहून करावा लागतो. व्हिडिओ गेम या कलाप्रकाराच्या चर्चेत नेमका हा विवेक हरवलेला दिसतो. तेथे प्रश्न दुर्बोधतेचा नसून दुष्करतेचा आहे. कृती समजायला अवघड आहे, अशी तक्रार सहसा नसते. ती करायला, पार पाडायला अवघड आहे, अशी तक्रार असते. आणि या तक्रारीला मिळणारे उत्तर मात्र नवकाव्याच्या पहिल्या, भाबड्या समर्थकांचेच आहे: ज्याला झेपत नाही त्याचा दोष, कृतीचा नव्हे.

साहित्यसमीक्षेने या वादात का पडावे, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर असे की कथन, पात्र, दृष्टिकोन, निवेदनातील रिक्त जागा या संकल्पनांवर साहित्यसमीक्षा आपला हक्क सांगत असेल, तर त्या संकल्पना जेथे नव्याने कसोटीला लागत आहेत तेथून तिला पाठ फिरवता येणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' प्रकाशित केल्यानंतर हा प्रकार परका म्हणून दूर ठेवण्याचे निमित्तही उरलेले नाही.

'अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत हा वाद विशेष तीव्र आहे, आणि ते स्वाभाविक आहे. रोजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांची जी वर्गवारी केली, तीत स्पर्धा आणि सोंग ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानली आहेत. या खेळप्रकारात ती दोन्ही एकाच छपराखाली नांदतात. एकीकडे खेळणाऱ्याला वचन दिले जाते की त्याने आपली भूमिका स्वतः घडवावी: योद्धा व्हावे, चोर व्हावे, मांत्रिक व्हावे, गोड बोलून काम साधणारा व्हावे. दुसरीकडे लढाई मात्र त्याच्या बोटांच्या वेगावर आणि अचूकतेवर जिंकायची असते. भूमिकेने दिलेले स्वातंत्र्य स्पर्धेने काढून घेतले, की वैताग उत्पन्न होतो. हा वैताग दोन ठिकाणी प्रकट होतो. कथेची वाट अडवून बसलेल्या, ज्यांना टाळून पुढे जाता येत नाही अशा सक्तीच्या आव्हानांविषयी एक. आणि कोणते बटण दाबल्यावर पात्राने काय करावे हे ठरवणाऱ्या नियंत्रणव्यवस्थेविषयी दुसरा.

या तक्रारींवर दोन पक्षांनी आपापल्या छावण्या उभारल्या आहेत. एक पक्ष म्हणतो, अडथळा हाच या कलेचा प्राण आहे. तो कमी केला की कृती भंगते. दुसरा म्हणतो, प्रत्येक खेळाला सोपी पातळी असावी म्हणजे वादच मिटला. हे दोन्ही पक्ष परस्परांचे शत्रू समजले जात असले, तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. दोघेही दुष्करतेला प्रमाणाचा प्रश्न मानतात: शत्रूची ताकद इतकी असावी की तितकी, वार झेलण्याची मुभा चारदा असावी की आठदा. वास्तविक खेळणाऱ्याच्या तक्रारींतील ज्या सर्वाधिक सार्थ आहेत, त्या प्रमाणाविषयी नाहीतच. त्या दुष्करतेच्या जातीविषयी आहेत.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून 'डेउस एक्स : ह्यूमन रेव्होल्यूशन' (२०११) या खेळाचे उदाहरण घ्यावे. आयडॉस माँट्रियल या संस्थेची ही निर्मिती. कथानायक अ‍ॅडम जेन्सन याच्या शरीरात यांत्रिक अवयव बसवलेले आहेत, आणि त्यांतील कोणती क्षमता वाढवायची हे खेळणारा ठरवतो. बंदुकीने वाट मोकळी करावी, हवानळीतून सरपटत जावे, संगणकाचे कुलूप फोडावे किंवा समोरच्याला संभाषणात गुंतवून नमवावे: जवळजवळ प्रत्येक प्रसंगाला हे सारे मार्ग खुले असतात. कोणालाही न मारता हा खेळ पूर्ण करणाऱ्यासाठी एक स्वतंत्र सन्मानचिन्हही ठेवलेले आहे. असे असता कथेच्या ठराविक टप्प्यांवर खेळणाऱ्याला एका बंद जागेत कोंडले जाते आणि समोरच्या बलाढ्य शत्रूला, म्हणजे या परिभाषेतील 'बॉस'ला, ठार मारल्याशिवाय दार उघडत नाही. ज्याने दहाबारा तास खर्चून लपूनछपून वावरणारा, रक्तपात टाळणारा जेन्सन घडवला, त्याच्या हाती या क्षणी कामाचे असे काहीच नसते.

येथे सोपी पातळी निवडून काय साधते? शत्रू लवकर मरतो, एवढेच. खेळणाऱ्याने घडवलेली व्यक्तिरेखा त्याला परत मिळत नाही. या तक्रारीला 'कौशल्य वाढवा' असे उत्तर देणे म्हणजे कादंबरीतील एखादे पात्र अकारण स्वभावाविरुद्ध वागते असे म्हणणाऱ्या वाचकाला 'जरा भराभर वाचा' असा सल्ला देण्यासारखे आहे. याहून मौजेची गोष्ट अशी की, न मारण्याबद्दलचे ते सन्मानचिन्ह देताना या बॉसच्या हत्या हिशेबात धरल्याच जात नाहीत. कृतीने सक्तीने करवून घेतलेले कृत्य कृतीच आपल्या नैतिक जमाखर्चातून वगळते. आपल्याच एका प्रकरणाला कथेबाहेर ठेवणाऱ्या कादंबरीविषयी समीक्षक जे म्हणेल, तेच येथे म्हणावे लागते: हे प्रकरण संहितेत आहे, पण संहितेचे नाही. पुढे उघड झाले की या लढती ग्रिप एंटरटेनमेंट या दुसऱ्या संस्थेकडून करवून घेतल्या होत्या. सांधा दिसत होता तो उगीच नव्हे. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत या लढतींच्या जागांची फेररचना झाली आणि हॅकिंगने वा आडवाटेने शत्रूला नमवण्याचे मार्ग आले. शत्रूचा मृत्यू त्या आवृत्तीतही टळत नाही. परंतु तो कसा घडवायचा याची निवड खेळणाऱ्याकडे परत आली. दुरुस्ती प्रमाणात नव्हे, जातीत झाली. ज्यांना २०११ मध्ये रडवे ठरवले गेले, त्यांचे समीक्षण बरोबर होते, अशी ही निर्मात्यांनीच दिलेली कबुली होय.

येथे दुष्करतेचे समर्थक हिदेताका मियाझाकी यांचे नाव पुढे करतील. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेचे 'डार्क सोल्स' (२०११), 'सेकिरो' (२०१९) आणि 'एल्डन रिंग' (२०२२) हे खेळ कठीणपणासाठीच प्रसिद्ध आहेत, आणि अडथळा ओलांडल्याचे समाधान हा आपल्या निर्मितीचा गाभा आहे, अशी मियाझाकी यांची भूमिका सर्वश्रुत आहे. हेतूची ग्वाही देऊन मूल्य सिद्ध होत नाही, हे विम्झट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्येच सांगून ठेवले आहे. तरी मियाझाकींच्या कृतींचा बचाव हेतूच्या आधाराविना, कृतीच्याच आधाराने करता येतो. 'एल्डन रिंग'मध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट उभा आहे. त्याच्याकडून पाचदहा वेळा मरण पत्करलेला खेळणारा घोड्याला टाच मारून दुसरीकडे निघून जाऊ शकतो. तो सामर्थ्य कमावून परत येऊ शकतो, साहाय्यकाला बोलावू शकतो, इतकेच काय, किल्ल्याला बाजूने वळसा घालून पुढच्या प्रदेशात उतरू शकतो. वळसा हेच या कृतीचे व्याकरण आहे. अडथळा कठीण आहे, पण त्याला सामोरे जाण्याची वेळ आणि रीत खेळणाऱ्याच्या स्वाधीन आहे. सर्वांनी सारखेच भोगावे म्हणून सोय नको, हा समर्थकांचा आवडता युक्तिवाद येथेच कोसळतो. कारण एकाने मंत्राने दुरून मारलेला आणि दुसऱ्याने ढाल-तलवारीने जवळून मारलेला मार्गिट हा एकच अनुभव कधीही नव्हता.

हेच व्याकरण पुढे याच कृतीच्या विस्ताराविरुद्ध साक्ष देते. जून २०२४ मध्ये आलेल्या 'शॅडो ऑफ द अर्डट्री' या विस्तारात प्रवेश करण्यासाठी राडान आणि मोग या दोघांना हरवणे आवश्यक आहे. मूळ कथा या दोघांना न हरवताही शेवटास नेता येते. म्हणजे मूळ कृतीने जो वळसा मान्य केला होता, तो घेणाऱ्यालाच विस्ताराच्या दारात अडवले जाते. विस्ताराच्या आत मात्र भटकंती करून वेचलेल्या अंशांनी सामर्थ्य वाढवण्याची योजना आहे, म्हणजे वळसा तेथे पुन्हा प्रतिष्ठित होतो; आणि या अंशांचा प्रभाव अपुरा पडतो अशी ओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्मात्यांनी तो वाढवला. अडथळ्याचे पावित्र्य इतके अभंग असते, तर ते एका पॅचने, म्हणजे मागाहून पाठवलेल्या दुरुस्तीने, हलले नसते. निर्माता स्वतः आपल्या कृतीला तात्पुरती मानतो. तिला अपौरुषेय मानतात ते फक्त तिचे भाट.

दुसरा प्रश्न नियंत्रणव्यवस्थेचा. येथे दुष्करतेच्या समर्थनाची स्थिती अधिकच केविलवाणी होते. एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात ज्या संहितांतून वाट काढण्यासाठी डोळे फिरवण्यापलीकडचे श्रम घ्यावे लागतात, अशा संहितांचा स्वतंत्र विचार केला. त्या श्रमांचे माध्यम म्हणजे नियंत्रण. छापील पुस्तकाशी तुलना करायची तर ते शैलीच्या जागी नाही, टंक आणि छपाईच्या जागी आहे. पुसट छपाईला कोणी दुर्बोध शैली म्हणत नाही. ती नीट छापून मागणाऱ्या वाचकाला कोणी आळशीही म्हणत नाही. 'डार्क सोल्स' २०१२ मध्ये संगणकावर आला तेव्हा कळफलक आणि माऊस घेऊन बसलेल्या खेळणाऱ्याला पडद्यावर कंट्रोलरच्या बटणांची चिन्हे दिसत होती. जी बटणे त्याच्यासमोर नव्हतीच, ती दाबण्याची सूचना त्याला मिळत होती. त्या कृतीच्या विषण्ण, ढासळत्या जगाचे कितीही मार्मिक विवेचन केले, तरी या गोंधळाला त्या जगाच्या आशयात जागा देता येणार नाही.

'द विचर ३ : वाइल्ड हंट' (२०१५) या पोलंडमधील सीडी प्रॉजेक्ट रेड संस्थेच्या कृतीत हा विसंवाद अधिक सूक्ष्म आहे. आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांतून आलेला गेराल्ट हा राक्षसांची शिकार करणारा, बालपणापासून त्यासाठीच घडवलेला पुरुष. त्याच्या हालचालीत निमिषाचाही अपव्यय नसावा. खेळात मात्र तो चिंचोळ्या खोलीत वळताना भिंतीला धडकत असे, थांबायचे तेथून पाऊलभर पुढे जात असे. आणि पेटीतील वस्तू घ्यायला गेलेला खेळणारा त्याच बटणाने शेजारची मेणबत्ती पेटवून बसे. कथन ज्याला निष्णात म्हणते, त्याला नियंत्रण वेंधळा ठरवते. जुलै २०१५ च्या पॅचमध्ये हालचालीचा पर्यायी प्रकार निर्मात्यांनी दिला. ज्यांना मूळ प्रकार रुचत होता त्यांचा तो काढून घेतला नाही. एका पर्यायाने कोणाचा आस्वाद भंगला, हे अजून कोणी दाखवलेले नाही.

याचा अर्थ नियंत्रण कधीच अर्थवाही नसते, असा नाही. 'ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) हा खेळ रोल-प्लेइंग प्रकारातला नव्हे, पण या संदर्भात त्याचा दाखला टाळता येत नाही. कंट्रोलरच्या डाव्या दांडीने थोरला भाऊ चालतो, उजव्या दांडीने धाकटा. दोन हातांनी दोन जीव सांभाळताना होणारी तारांबळ हाच येथे नात्याचा अनुभव आहे. थोरला मरतो, आणि पाण्याला भिणाऱ्या धाकट्याला एकट्याने नदी ओलांडायची वेळ येते तेव्हा ती ओलांडली जाते थोरल्याच्या बटणाने. अशा ठिकाणी बटणांची मांडणी बदलणे म्हणजे कवितेची ओळ बदलणे होईल. पण ही प्रतिष्ठा त्या मांडणीने कमावलेली आहे. कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक मांडणीला ती आपोआप मिळत नाही.

येथे प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. नियंत्रणव्यवस्था ही शरीराला उद्देशून लिहिलेली संहिता असते, आणि प्रत्येक संहितेप्रमाणे तिलाही एक अभिप्रेत वाचक असतो: दोन निरोगी हात, दहा चपळ बोटे, तीक्ष्ण दृष्टी आणि न थरथरणारे मनगट असलेला. या प्रतिमेत न बसणारा खेळणारा दाराबाहेर राहतो, आणि त्याच्या बाहेर राहण्याला कौशल्याचा अभाव असे नाव दिले जाते. वार्धक्य, संधिवात, अपघातात गमावलेली बोटे यांना 'सराव करा' असे सांगणे हा समीक्षेचा नव्हे, निष्ठुरतेचा नमुना आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंग खेळणाऱ्यांसाठी जुळवून घेता येणारा कंट्रोलर बाजारात आणला. यंत्र बनवणाऱ्याला जे उमगले, ते रसिकतेचा अभिमान बाळगणाऱ्यांना उमगू नये, ही खेदाची बाब आहे. 'फायनल फँटसी १६' (२०२३) मध्ये नायकाने बोटात घालायच्या काही अंगठ्या आहेत. एक घातली की शत्रूचा वार चुकवणे सुलभ होते, दुसरी घातली की गुंतागुंतीचे वार एकाच बटणाने घडतात. पर्याय वेगळा फलक लावून दाराबाहेर ठेवलेला नाही. तो त्या जगातील दागिना आहे, आणि तो घातला तर दुसऱ्या एखाद्या दागिन्याची जागा सोडावी लागते. या रचनेवर मतभेद होऊ शकतात. परंतु साहाय्य आणि आशय यांचे वैर जन्मजात नाही, एवढे तिने सिद्ध केले आहे.

सोय दिली की सारेच ती घेतील आणि कृती रसहीन होईल, अशी भीती दाखवली जाते. रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचण्याची मुभा प्रत्येक वाचकाला असते. म्हणून कोणी प्रकाशकाने ते चिकटवून विकल्याचे ऐकिवात नाही. बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ मध्ये 'द ग्रासहॉपर' या ग्रंथात खेळाची जी व्याख्या केली, तिचा गाभा अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करणे हा आहे. समर्थकांनी या व्याख्येतील अडथळा तेवढा उचलला आणि स्वेच्छा सांडून दिली.

तथापि खेळणाऱ्याची प्रत्येक तक्रार सार्थ असते, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा भाबडेपणा होईल. 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) या चेक कृतीत १४०३ मधील बोहेमियातला हेन्री नावाचा लोहाराचा मुलगा नायक आहे. एका कामगिरीसाठी त्याला सासाउच्या मठात नवसाधक म्हणून राहता येते. तेथे शस्त्रे आणि चिलखत काढून घेतले जाते, प्रार्थनेच्या वेळा पाळाव्या लागतात, चुकल्यास शिक्षा होते. अनेकांना हा भाग असह्य वाटला. पण ही सक्ती मठाची आहे, निर्मात्याच्या विसराळूपणाची नाही; तिच्यातून सुटण्याच्या एकाहून अधिक वाटाही ठेवलेल्या आहेत. याच कृतीत हेन्रीला वाचता येत नाही, म्हणून खेळणाऱ्याला पुस्तकातील अक्षरे उलटसुलट झालेली दिसतात. लेखनिकाकडे शिकल्यावर ती हळूहळू जुळू लागतात. निरक्षरतेचा याहून प्रत्यक्ष अनुभव साक्षर वाचकाला देणे कादंबरीलाही कठीण आहे. त्याच वेळी कुलपे उघडण्याची क्रिया कंट्रोलरवर इतकी जाचक होती की तिच्यासाठी सुलभ पर्याय पुढे द्यावा लागला. एकाच कृतीत तीन वैताग, आणि तिन्हींचे मूल्य वेगळे. त्यांना एकाच मापाने मोजणारी समीक्षा, मग ती अडथळ्याच्या बाजूची असो की सोयीच्या, समीक्षा या नावाला पात्र नाही.

हा निवाडा करण्याचे निकष दुर्मीळ नाहीत. कृतीने जी क्षमता आधी कधी मागितली नाही वा शिकवली नाही, ती ऐनवेळी मागितली आहे काय? सक्तीच्या क्षणी खेळणाऱ्याने घडवलेली भूमिका कामी येते, की बाजूला ठेवली जाते? अवघडपणा पात्राच्या परिस्थितीतून उगवला आहे, की केवळ बटणांच्या मांडणीतून? योको तारो यांच्या 'निअर : ऑटोमाटा' (२०१७) या कृतीचा शेवट या कसोटीला उतरतो. अखेरीस निर्मात्यांच्या नामावलीशीच गोळीबाराची लढत द्यावी लागते. ती टाळून तो शेवट गाठता येत नाही, आणि एकट्याने ती जिंकणे बहुतेकांना अशक्यप्राय होते. परंतु हे कौशल्य कृतीने आधी वारंवार वापरून घेतलेले असते. पुनःपुन्हा हरल्यावर अनोळखी खेळणाऱ्यांची मदत देऊ केली जाते. ती स्वीकारली की त्यांची याने भोवती कडे करतात, वार झेलतात, एकेक करून नाहीशी होतात. त्यानंतर विचारले जाते: तशाच एका अनोळखी व्यक्तीच्या मदतीसाठी आपला आजवरचा सारा सेव्ह केलेला खेळ पुसून टाकण्याची तयारी आहे काय? येथे दुष्करता काढून टाकली तर आशयच नाहीसा होईल. आणि त्या दुष्करतेचा आशय असा आहे की साहाय्य घेण्यात कमीपणा नाही.

अडथळ्याच्या भक्तांनी हा शेवट पुन्हा एकदा खेळून पाहावा. समीक्षकांनी तर खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचायला आरंभ करावा, कारण बोटांना आधी कळलेले आणि अजून परिभाषा न मिळालेले रूपविषयक निरीक्षण त्यांच्यात पुष्कळदा दडलेले असते. त्याला परिभाषा देणे हे समीक्षेचे काम आहे. तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणे हे नाही.